औषध कोणावर तपासलं?

७ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांच्या कार्यालयातून एक छोटासा आदेश निघाला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ इथे मंजूर झालेलं एखादं औषध ठरावीक पाच गटांत बसत असेल, तर भारतीय रुग्णांवर त्याची पुन्हा चाचणी घेण्याच्या अटीतून त्याला सूट मिळू शकेल, असा त्याचा मजकूर. दुर्मिळ आजारांवरची औषधं, जनुकीय आणि पेशी-उपचार, महासाथीत लागणारी औषधं, संरक्षण दलांच्या खास गरजेची औषधं आणि सध्याच्या उपचारांहून लक्षणीय सरस ठरलेली औषधं असे हे पाच गट. नवी औषधं आता वर्षानुवर्षं रखडणार नाहीत, म्हणून या निर्णयाचं स्वागत झालं आणि ते रास्तच होतं. ज्याचा कर्करोग सहा महिन्यांत हाताबाहेर जाणार आहे, त्याला कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकवणं क्रूरपणाचंच. पण या आदेशाची एक बाजू फारशी बोलली गेली नाही. इथली चाचणी वगळायची तर तिथल्या चाचणीचा निष्कर्ष इथल्या शरीराला लागू पडतो, असं गृहीत धरावं लागतं. म्हणजे बोस्टनच्या किंवा लीड्सच्या रुग्णालयात चाचणीसाठी कोणाला निवडलं आणि कोणाला दारातूनच परत पाठवलं, हा प्रश्न आता चंद्रपूरच्या रुग्णाचाही झाला आहे.

क्लिनिकल ट्रायलमध्ये विविध प्रकारची माणसं असावीत, हा मुद्दा आपल्याकडे बहुधा अमेरिकेतला वर्णभेदाचा वाद म्हणून वाचला जातो. तो तिथला वाद आहेच. तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यांतल्या चाचण्यांपासून दूर ठेवण्याची सूचना काढली होती. ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या झोल्पिडेमचा स्त्रियांसाठीचा डोस दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणायला मात्र २०१३ उजाडावं लागलं. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवतानाही त्याचा अंमल उरतो, हे तोवर ठळकपणे पुढे आलं नव्हतं. कोलेस्टेरॉलसाठी आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या रोझुव्हास्टॅटिनच्या अमेरिकी माहितीपत्रकात आशियाई रुग्णांसाठी वेगळी सूचना आहे, कारण त्यांच्या रक्तात हे औषध गोऱ्या रुग्णांच्या साधारण दुप्पट प्रमाणात आढळतं. तेव्हा सुरुवात पाच मिलिग्रॅमने करावी, असं ते पत्रक सांगतं. ही उदाहरणं महत्त्वाची आहेत, पण आपल्या दृष्टीने ती उंबऱ्याबाहेरची. उंबऱ्याच्या आत सिकलसेल आहे.

विदर्भात आणि नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात सिकलसेल हे घराघरांत कळणारं नाव आहे. कोण ‘एएस’ म्हणजे वाहक आणि कोण ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे लग्न जमवतानाही विचारलं जाऊ लागलं आहे. या आजारावर हायड्रॉक्सियुरिया उपयोगी पडतं, हे निर्विवाद सिद्ध करणारी मोठी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अमेरिका आणि कॅनडातले २९९ प्रौढ रुग्ण होते. त्यांना औषध सुरू करून, सोसेल तितका डोस वाढवत नेण्याची पद्धत होती आणि दर थोड्या दिवसांनी रक्ततपासणी करून पेशी कमी होत नाहीत ना, हे पाहिलं जात होतं. आता हीच पद्धत मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या मुलाला लावून पाहा. महिन्याला तपासणी कुठे होणार, अहवाल कोण वाचणार आणि डोस वाढवण्याचा निर्णय कोण घेणार? शिवाय भारतीय रुग्णांमधल्या सिकलसेलच्या जनुकाची पार्श्वभूमी आफ्रिकी वंशाच्या रुग्णांहून वेगळी आहे. आपल्याकडच्या रुग्णांमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं. त्यामुळे भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असा समज बरीच वर्षं होता. विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडची मुलं तपासून हा समज सरसकट खरा नाही, हे दाखवून दिलं. नागपुरात तीव्र आजार असलेल्या मुलांवर किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या कमी आणि न बदलणाऱ्या डोसची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एवढ्या डोसनेही वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते, असं आढळलं. पुढे आफ्रिकेतल्या चाचण्यांनी डोस वाढवत नेल्यास फायदा अधिक होतो, असंही दाखवलं, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. पण वाद घालायला स्वतःचा पुरावा हातात असणं आणि दुसऱ्याचा पुरावा डोळे मिटून स्वीकारणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता सिकलसेलवर जनुकीय उपचार आला आहे. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेले रुग्ण अवघे ३१ होते आणि त्यांतले २९ जण सलग वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले होते. आकडा थक्क करणारा आहे. आणि हा उपचार वर सांगितलेल्या पाच गटांपैकी एकात चपखल बसतो.

दुसरा पुरावा पुण्याच्या अंगणातला आहे. तान्ह्या मुलांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या लशी श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांहून अधिक प्रभावी ठरल्या होत्या. त्यांतलीच एक लस मलावीत साधारण ४९ टक्क्यांवर आली. भारतात बनलेल्या रोटाव्हॅकची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू परिसरात ६,७९९ बाळांवर झाली. पहिल्या वर्षात तीव्र हगवणीविरुद्धचा तिचा प्रभाव सुमारे ५६ टक्के निघाला. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची दुसरी लस आणखी बोलकी. नायजरमध्ये तिचा प्रभाव सुमारे ६७ टक्के, तर भारतातल्या चाचणीत मुख्य विश्लेषणात ३६ टक्के. लस तीच आणि कंपनीही तीच, तरी निकाल दोन ठिकाणी दोन. आतड्यातले इतर जंतू, कुपोषण, आईच्या दुधातून मिळणारी प्रतिपिंडं, सोबत दिला जाणारा पोलिओचा डोस अशी अनेक कारणं यामागे सांगितली जातात. एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कमी टक्के पाहून लस टाकून देण्यात आली नाही, आणि ते योग्यच झालं. जिथे हगवणीने मरणारी मुलंच मुळात जास्त, तिथे अर्ध्याहून कमी प्रभाव असलेली लसही युरोपातल्या लशीपेक्षा जास्त जीव वाचवते. हे गणित मांडता आलं ते स्थानिक आकडा हाती होता म्हणूनच. युरोपातला आकडा उचलला असता, तर लस घेऊनही मुलं आजारी पडताना पाहून लोकांचा लसीकरणावरचाच विश्वास उडाला असता.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच, हृदय, यकृत, किडनी तीच. बहुतेक औषधं बहुतेकांना सारखीच लागू पडतात. मग प्रत्येक गटाची वेगळी भरती करायची, तर हा खटाटोप संपणार कुठे? यातलं पहिलं विधान मोठ्या प्रमाणात खरं आहे, म्हणून तर परदेशातल्या औषधांनी आपल्याकडचे कोट्यवधी लोक बरे झाले. पण ‘बहुतेक’मधून कोण वगळलं गेलं आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आक्षेपाचा दुसरा भाग अधिक टोकदार आहे. वंशाचे रकाने मुळातच ढोबळ असतात. २००५ मध्ये अमेरिकेत हृदयरोगावरचं एक संयुक्त औषध फक्त कृष्णवर्णीयांसाठी मंजूर झालं. त्यामागच्या चाचणीतले १,०५० रुग्ण सगळे स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे होते. औषधाने मृत्यू लक्षणीय घटले, यात शंका नाही. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, तर ते फक्त त्यांनाच लागू पडतं, हे कशावरून? तेव्हा ‘आशियाई’ हा रकाना भरला की आपलं काम झालं, असं मानणारी विविधता फसवी आहे. ‘भारतीय’ हा रकानासुद्धा तितकाच ढोबळ. आर्य वैश्य समाजात एक विकर कमी असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं आणि भूल देताना वापरल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलीनचा परिणाम अशा रुग्णांमध्ये मिनिटांऐवजी तासन्‌तास राहू शकतो. भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असतं आणि शस्त्रक्रियेआधी ते विचारूनही घेतात. दहा भारतीयांना सरासरीत घातलं, तर हा फरक कुठेच दिसत नाही. म्हणजे आक्षेपाचा निष्कर्ष उलट निघतो. रकाने ढोबळ आहेत, म्हणून भरतीचा विचार सोडून न देता तो अधिक बारकाईने करायला हवा. आजार ज्याला जास्त होतो, औषध ज्याला दिलं जाणार आहे आणि ज्याच्या आयुष्याची घडण ते औषध लागू पडण्यात आडवी येऊ शकते, त्या माणसाला यादीत जागा आहे का, हे पाहावं लागतं.

आता या देशातल्या चाचण्यांचा इतिहास समोर ठेवला की हीच मागणी कानाला वेगळी ऐकू येते. अमेरिकेत वंचितांची तक्रार ‘आम्हाला घेत नाहीत’ अशी असते, निदान गेल्या तीसेक वर्षांत. १९३२ ते १९७२ या काळात अलाबामातल्या टस्कीगीत सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून त्यांच्या आजाराची नुसती नोंद करत राहण्याचा जो प्रकार झाला, त्याची सावली त्या तक्रारीवर आहेच. आपल्याकडे गरिबांची तक्रार बरोबर उलट होती. त्यांना घेतलं जात होतं, फार सहज घेतलं जात होतं. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तेव्हा सरकारने दिलेल्या माहितीनुसार जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ सहभागी मरण पावले होते आणि त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाले, असं मान्य करण्यात आलं होतं. चाचणीत मरणारा प्रत्येक जण औषधाने मरतो असं नाही, गंभीर रुग्ण आजारानेही दगावतात, हे खरं. पण उरलेल्यांपैकी किती जणांच्या मृत्यूचं कारण नीट तपासलं गेलं, हा न्यायालयाला पडलेला प्रश्न होता. त्याआधी २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला होता. त्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता फार कमी असल्याचं निष्पन्न झालं, पण संमतीपत्रांचा प्रकार बाहेर आला. संसदीय समितीने नोंदवल्याप्रमाणे आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. मुली बऱ्याचशा आदिवासी, आईबाप गावी आणि सही वॉर्डनची. कागदावर त्या प्रकल्पाइतका ‘वैविध्यपूर्ण’ प्रकल्प शोधून सापडायचा नाही.

म्हणून या विषयाची ओळख करून देताना एक गोष्ट आधी बोलावी लागते. यादीत वंचितांची संख्या वाढवणं हे भरतीचं माप धरलं, तर खम्मम यशस्वी ठरेल. आपल्या संदर्भात सहभागाची कसोटी ही, की ज्याला यादीत घेतलं त्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं का. आणि ‘हो’ म्हटल्यावर निघालेल्या निष्कर्षाचा उपयोग त्याच्यासारख्यांना होणार आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी नसतील, तर त्या भरतीला विविधता म्हणू नये. ती गरिबीचा फायदा उठवणं आहे.

न्यायालयाच्या दट्ट्यानंतर नियम बदलले. चाचणीत इजा झाल्यास भरपाई, संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण, एथिक्स कमिट्यांची नोंदणी हे सारं २०१३ च्या सुमारास आलं आणि २०१९ च्या नव्या नियमावलीत पक्कं झालं. या बदलांनी मोकाट कारभाराला आळा बसला. पण एक अनपेक्षित परिणामही झाला. दुर्बल गटातल्या माणसाला घेतलं तर कॅमेरा, साक्षीदार, कमिटीचे प्रश्न असा सारा व्याप मागे लागतो, मग त्याला न घेतलेलंच सोयीचं, हा विचार कुणी उघड बोलत नाही, पण निवडीच्या निकषांत तो उतरतो. हे निकष जवळून पाहण्यासारखे असतात. वय १८ ते ६५. हिमोग्लोबिन किमान ९ किंवा १०. दुसरा गंभीर आजार नको. स्वतःचा फोन हवा, पुढची दोन वर्षं ठरलेल्या तारखांना यायची तयारी हवी. प्रत्येक अट वेगवेगळी पाहिली तर शहाणपणाची वाटते. सगळ्या एकत्र लावल्या की गाळून काय उरतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन काही दहाच्या खाली नसतं, पण ज्यांचं असतं त्या कुठल्या घरांतल्या, हे सांगायला नको. पासष्टीच्या पुढचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेले, ऊसतोडीला सहा महिने परमुलखात जाणारे, नवऱ्याच्या फोनवरच ज्यांना गाठता येतं अशा बाया, सगळे एकेका अटीवर गळतात. उरतो तो शहराजवळ राहणारा, मध्यमवयीन, एकच आजार असलेला आणि रजा मिळू शकणारा पुरुष. औषध बाजारात आल्यावर मात्र ते सगळ्यांनाच लिहून दिलं जातं.

संमतीच्या टेबलावरही असंच होतं. इंग्रजीतल्या पंधरा-वीस पानांचं मराठी केलं की भाषेचा प्रश्न सुटला, असं धरलं जातं. धारणीच्या कोरकू बाईला किंवा एटापल्लीच्या माडिया माणसाला हे मराठी न्यायालयाच्या समन्ससारखं वाटतं. निरक्षर सहभागीसाठी निःपक्ष साक्षीदार असावा, असा नियम आहे. पण रुग्णालयातला वॉर्डबॉय साक्षीदार म्हणून उभा राहिला, तर नियम पाळला जातो आणि निःपक्षपणा उरत नाही. त्यातून डॉक्टरांनी स्वतः विचारलं की ‘डॉक्टरसाहेब सांगतात तर आपल्या भल्याचंच असणार’ ही आपल्याकडची सवय. चाचणीत आपल्याला कोणतं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते सोडतीवर ठरतं, ही एक गोष्ट रुग्णाला खरंच कळली का, एवढं जरी संमतीच्या वेळी त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून वदवून घेतलं, तरी त्या मुद्रणाला अर्थ येईल. वढूसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं गावांचं आरोग्य नोंदवणारी माणसं त्याच परिसरातली असतात, त्यामुळे तिथे प्रश्न विचारायला लोक कचरत नाहीत. भरतीचं खरं काम चाचणीच्या आधी कित्येक वर्षं सुरू झालेलं असावं लागतं, हे त्यातून दिसतं.

पैशाचा मुद्दा इथे येतोच. सहभागींना प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी म्हटलं, की ते आमिष ठरेल, अशी हरकत घेतली जाते. ही भीती खोटी नाही, विशेषतः निरोगी माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात पैशापोटी एकामागून एक चाचण्यांत शिरणारे लोक असतात. पण बुडालेला रोज भरून देणं आणि जोखमीची किंमत मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही खर्चाच्या परताव्याला मनाई करत नाहीत. आमिष टाळण्याच्या नावाखाली गरिबाने पदरमोड करून विज्ञानाची सेवा करावी, अशी अपेक्षा ठेवणं हा सोवळेपणा आहे, नीती नव्हे.

उशीर आणि खर्च हा आणखी एक आक्षेप. २०२० च्या सप्टेंबरात मॉडर्नाने आपल्या कोविड लशीच्या ३० हजारांच्या चाचणीतली भरती मुद्दाम मंदावली, कारण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोक पुरेसे आलेले नव्हते. शेवटी सुमारे ३७ टक्के सहभागी गोरेतर समाजांतले झाले आणि त्या लशीला फायझरनंतर आठवड्याभरातच परवानगी मिळाली. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने तर उशिराचा मुद्दाच निकालात काढला. कागदपत्रं थोडकी ठेवली, निकष सैल ठेवले आणि १७६ साध्यासुध्या सरकारी रुग्णालयांत जो रुग्ण आला त्याला विचारलं. म्हातारे आले, गरोदर बायका आल्या. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या चाचणीतून डेक्सामेथासोन या स्वस्त गोळीने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जून महिन्यात सांगता आलं. अर्थात प्रत्येक औषधाला हा साचा चालणार नाही, नव्या रेणूच्या पहिल्या टप्प्यांत निकष कडकच हवेत. पण शेवटच्या टप्प्यातही तेच निकष उचलून चिकटवण्याची जी सवय लागली आहे, तिला शास्त्राचा आधार कमी आणि आळसाचा जास्त आहे.

गरोदर स्त्रियांना वगळण्यामागे मात्र आळस नाही, धास्ती आहे, आणि गर्भातल्या बाळांना व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या अनुभवानंतर ती समजण्यासारखीही आहे. तरी भारतात काय झालं ते पाहावं. कोविड लशींच्या मुख्य चाचण्यांत गरोदर स्त्रिया नव्हत्या, म्हणून लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांना लस नाकारली गेली. दुसरी लाट एप्रिल-मे २०२१ मध्ये येऊन गेली आणि सरकारने त्यांना परवानगी दिली २ जुलैला. वगळल्यामुळे त्यांचं संरक्षण झालं नाही. जोखीम चाचणीतून बाहेर काढून त्यांच्या घरात नेऊन ठेवली गेली, जिथे तिची नोंद घेणारं कुणी नव्हतं.

पुढच्या पानांतले लेख या प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजू उलगडतात, त्यांच्यात मतभेदही आहेत. वाचकाने ते वाचताना एका नियमाकडे लक्ष ठेवावं, कारण भरतीच्या चर्चेत तो क्वचितच येतो. चाचणी संपल्यावर, औषधाने गुण आलेल्या सहभागीला ते पुढे मिळावं का, याबद्दल २०१९ च्या नियमावलीत २७ वा नियम आहे. डॉक्टरांनी शिफारस केली, एथिक्स कमिटीने मान्य केली आणि त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसला, तर कंपनीने ते औषध मोफत द्यावं. त्यासाठी रुग्णाने किंवा त्याच्या वारसाने आधी लिहून द्यायचं असतं, की यापुढे त्या औषधाने काही झालं तर जबाबदारी कंपनीची नाही.